पगार वेळेवर, तरी नवी मुलं चार महिन्यांत का जातात?

पत्र

सप्रेम नमस्कार. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमच्या मालकांचा टेरी टॉवेलचा कारखाना आहे. माल बहुतेक परदेशी जातो. मी १९ वर्षांपासून इथे आहे. टायपिंगपासून सुरुवात केली, आता सगळं ऑफिस माझ्याकडे आहे. आमच्याकडे पगार ७ तारखेच्या आत होतो, पीएफ भरला जातो, दिवाळीला बोनस मिळतो. तरी गेल्या दीड वर्षात ऑफिसात घेतलेल्या आठ पदवीधर मुलामुलींपैकी सहा जण निघून गेले, बहुतेक चार महिन्यांच्या आत. मालक म्हणतात, "आजकालच्या पोरांना टिकायचंच नसतं, सगळ्यांना पुणं पाहिजे." पण गेलेल्यांपैकी दोघं इथेच, सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीत लागलेत, तेही आमच्यापेक्षा कमी पगारावर, असं कळलं.

शेवटची मुलगी मोहोळहून एसटीने यायची. हुशार होती. एक्स्पोर्टच्या कागदपत्रांसाठी घेतली, पण मार्चअखेरची गडबड असल्याने पहिले दोन महिने फायलिंग आणि कुरिअरच तिच्याकडे होतं. मालक उठेपर्यंत आमच्याकडे कुणी उठत नाही. सहाची सुट्टी, पण साडेसात होतात. तीही थांबायची. डबा टेबलावरच खायची. आम्ही जुने सगळे पॅकिंगच्या खोलीत बसतो, आमचं निम्मं बोलणं तेलुगूत चालतं. तिला कुणी वाईट बोललं नाही. एका रात्री व्हॉट्सॲपवर मेसेज आला, "मॅडम, उद्यापासून येणार नाही, घरी अडचण आहे." मी तिला मुलीसारखं वागवलं होतं. फार लागलं मला.

आता मालक म्हणतात, यापुढे मूळ मार्कशीट जमा करून घ्यायची आणि एक वर्षाचा बाँड लिहून घ्यायचा. १ तारखेला नवा मुलगा येतोय. आमचं चुकतंय कुठे, आणि मालकांना काय सांगू?

उत्तर

ताई, नमस्कार.

मालकांच्या म्हणण्याला तुमच्याच पत्रात उत्तर आहे. गेलेल्यांपैकी दोघं चिंचोळीला आहेत, आणि कमी पगारावर आहेत. पुण्याची ओढ खोटी नाही. सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस धरली की दुपारच्या आत पुणं येतं, आणि सोलापुरातल्या कॉलेजांतून बाहेर पडलेली कितीतरी मुलं त्याच वाटेने गेली आहेत. पण या दोघांना पुणं नको होतं. त्यांचं शहर तेच, उन्हाळा तोच, एमआयडीसीचा रस्ताही तसाच, आणि हातात पैसे कमी. तरी ती तिकडे गेली. ती कशाकडे गेली यापेक्षा कशापासून गेली, हे बघायला हवं. ते तुम्ही पत्रात जागोजागी लिहिलं आहे, अगदी प्रामाणिकपणे, म्हणून मला वाचता आलं.

मोहोळच्या मुलीचा मेसेज तुम्हाला एका रात्री आला, पण तिने ते त्या रात्री ठरवलेलं नसणार. विल्यम मोब्ली या अमेरिकी अभ्यासकाने १९७७ साली या वाटेचा नकाशा मांडला होता. आधी मन उडतं. मग "सोडावं का" हा विचार अधूनमधून डोकावू लागतो. मग दुसरीकडे मिळेल का, शोधायला वेळ काढणं परवडेल का, याचा अंदाज घेतला जातो. मग शोध, तुलना, आणि त्यानंतर सोडण्याचा इरादा पक्का होतो. राजीनामा सगळ्यात शेवटी. याचा अर्थ तुमच्या हातात बरेच आठवडे होते. त्या आठवड्यांत ती रोज समोर बसून डबा खात होती.

"तिला कुणी वाईट बोललं नाही," असं तुम्ही लिहिता. माझा त्यावर पूर्ण विश्वास आहे. पण तिच्याशी कोण काय बोललं, हे पत्रात कुठेच नाही.

जॉन शेरिडन यांचा १९९२ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास तुमच्या ऑफिसच्या फार जवळ येतो. अमेरिकेतल्या सहा अकाउंटिंग फर्ममध्ये नव्याने लागलेल्या ९०४ पदवीधरांचा त्यांनी सहा वर्षांचा हिशेब पाहिला. काही फर्ममध्ये भर होता तो कामाच्या अचूकपणावर आणि शिस्तीवर. काहींमध्ये भर होता माणसांच्या एकमेकांशी असलेल्या नात्यावर, मिळून काम करण्यावर. दुसऱ्या प्रकारच्या फर्ममध्ये नवी माणसं सरासरी १४ महिने जास्त टिकली. देश वेगळा आहे, पण ही मुलं कोण होती बघा: नुकती पदवी घेतलेली, कागदांचं आणि आकड्यांचं काम करणारी. तुमच्याकडे येतात तशीच.

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे तर नातीच नाती आहेत, सगळं घरच्यासारखं आहे. हो, आहे. तुमच्यासाठी आहे. १९ वर्षं एकत्र डबा खाल्लेल्या माणसांसाठी ते घरच आहे, आणि ही मोठी कमाई आहे, ती मी कमी लेखत नाही. पण या घरात नवा आलेला माणूस पाहुण्यासारखा असतो. पाहुणा काही मागत नाही, काही खटकलं तर बोलत नाही, यजमान उठल्याशिवाय उठत नाही, आणि जाताना "घरी अडचण आहे" म्हणून निघतो. त्या मुलीने नेमकं हेच केलं. ती तुमच्याशी खोटं बोलली असं मला वाटत नाही. तुम्ही तिला मुलीसारखं वागवलंत, म्हणून "मॅडम, मला हे काम सांगितलं नव्हतं" किंवा "मला साडेसात जमत नाही" हे वाक्य तिच्या तोंडून निघणं आणखी अवघड झालं. मायेने वागवणाऱ्या माणसाकडे तक्रार करणं म्हणजे कृतघ्नपणा वाटतो. साध्या साहेबाकडे ती कदाचित बोलली असती. तुमच्या मायेत खोट नाही. फक्त मायेशिवाय तिला आणखी काहीतरी हवं होतं: तक्रार करूनही नातं बिघडणार नाही अशी एक जागा.

आता जरा मागाच्या शेडकडे बघा. तुमच्याच आवारात आहे. तिथे नवा पोरगा येतो तो बहुतेक वेळा कुणाचा तरी हात धरून येतो. कुणाचा मामा, कुणाचा मेहुणा, कुणी गल्लीतला. सोलापुरात हे फार जुनं आहे. १८७७ च्या सुमाराला इथे जुनी गिरणी सुरू झाली, तेव्हापासून गिरण्यांत माणसं अशीच यायची, कधी नातलगाच्या ओळखीने, कधी जॉबरच्या, म्हणजे कामगार भरणाऱ्या मुकादमाच्या. जॉबर छळायचेही, पैसेही खायचे, त्या पद्धतीचं कौतुक मला करायचं नाही. पण येणाऱ्याला पहिल्याच दिवशी एक माणूस ओळखीचा असायचा. धागा तुटला तर गाठ कशी मारायची हे तो दाखवायचा, चहा कुठे मिळतो हे सांगायचा, मालक चिडले की गप्प कधी बसायचं हेही सांगायचा. तुमच्या ऑफिसातली मुलं जाहिरात वाचून येतात. त्यांचा इथे कुणी मामा नाही. शेडमधल्या नव्या पोराला जे फुकट मिळतं, ते ऑफिसातल्या पदवीधराला कुणीच देत नाही, कारण तो शिकलेला आहे, त्याला सगळं कळत असेल, असं आपण धरून चालतो.

म्हणून मग ऑफिसातही नातलगच घ्यावेत का? मालकांच्या मनात हे येईल, म्हणून आधीच सांगते, नको. बेंजामिन श्नायडर यांनी १९८७ साली एक गोष्ट मांडली, ती मालक मंडळींनी नीट समजून घेण्यासारखी आहे. प्रत्येक जागा आपल्यासारख्या माणसांना खेचते, त्यांतून आपल्यासारखी निवडते, आणि जी वेगळी निघतात ती आपोआप गळतात. वर्षं गेली की उरतात ती सगळी एका साच्याची. आतून सगळं छान चाललेलं वाटतं, कारण वेगळं बोलणारा कुणी उरलेलाच नसतो. पण बाहेरचं जग बदललं की अशा जागेला ते उशिरा कळतं. तुमचा माल परदेशी जातो. बायरचे नियम बदलतात, पोर्टल बदलतात, सर्टिफिकेटं बदलतात. ते आधी कुणाला समजणार? त्या हुशार मुलीसारख्यांनाच. नव्या माणसाचं जागेशी जुळणं म्हणजे त्याने तुमच्यासारखं होणं, असं मी मानत नाही. कामाच्या वेळेबद्दल, शब्द पाळण्याबद्दल, एकमेकांना मान देण्याबद्दल दोघांच्या कल्पना फार लांब नसाव्यात, एवढं पुरे आहे. तेलुगू यावं, जुन्या गोष्टींवर हसू यावं, हे नंतर हळूहळू होतं, किंवा नाही झालं तरी चालतं.

यात तिचं शब्द पाळण्याबद्दलचं गाऱ्हाणं मला सगळ्यात रास्त वाटतं. एक्स्पोर्टच्या कागदपत्रांचं काम सांगून दोन महिने फायलिंग आणि कुरिअर. मार्चअखेर मी समजू शकते. पण तिला मार्चअखेरचं कुणी सांगितलं होतं का? "आता दोन महिने हे कर, मेपासून शिपिंग बिल आणि पॅकिंग लिस्ट तुझ्याकडे," एवढं वाक्य तिला मिळालं असतं, तर तेच फायलिंग तिने वेगळ्या मनाने केलं असतं. न सांगितल्याने तिला वाटलं असणार की आपल्याला फसवलं, किंवा आपली लायकी एवढीच ठरवली. बावीस-तेवीस वर्षांच्या वयात, पहिल्या नोकरीत, दुसरा विचार जास्त खोल जातो.

जॉन वॅनस यांनी १९७३ साली टेलिफोन ऑपरेटरच्या नोकरीसाठी आलेल्या मुलींवर एक प्रयोग केला होता. काहींना नोकरीचं नुसतं गोड चित्र दाखवलं, काहींना जसं आहे तसं, कंटाळवाण्या भागासकट. खरं ऐकलं म्हणून मुलींनी नोकरी नाकारली नाही. उलट, नंतर त्यांच्या मनात सोडण्याचे विचार कमी आले. मुलाखतीत "तू घरचाच आहेस, सगळं शिकशील" हे म्हणणं सोपं असतं. त्याऐवजी १ तारखेच्या मुलाला खरं सांगा. कंटेनर भरायचा असतो त्या आठवड्यात उशीर होतो. बायरचा मेल रात्री येतो. पहिले इतके दिवस हे काम, मग ते. आणि सांगितलेली तारीख आली की ते काम त्याच्या हातात खरोखर द्या. पुढे ढकलावं लागलं, तर त्याला बोलावून कारण सांगा. तारीख मुकाट्याने निघून गेली की विश्वास तिथेच संपतो.

आणि त्याला पहिल्या दिवशी शेडमध्ये घेऊन जा. त्या मुलीने इथे असताना माग चालताना एकदा तरी पाहिला होता का, मला शंका आहे. ती दिवसभर टाईप करायची ५०० जीएसएम (म्हणजे चौरस मीटरमागे ग्रॅममधलं वजन), ६३०२ ने सुरू होणारा एचएस कोड (मालाचा आंतरराष्ट्रीय वर्गीकरण क्रमांक), रंग, साईज, नग. हे कशाचं आहे ते तिला कुणी दाखवायला हवं होतं. टेरीच्या मागावर ताण्याचे, म्हणजे उभ्या धाग्यांचे, दोन बीम असतात, एक घट्ट ताणलेला आणि एक सैल सोडलेला, आणि त्या सैल धाग्यांचीच वेटोळी उभी राहून टॉवेलला पाणी टिपणारा लूप येतो. हे समोर उभं राहून बघितलं, एक टॉवेल हातात घेऊन वजन जाणवलं, की इनव्हॉइसवरचा आकडा नुसता आकडा राहत नाही. जुन्या कारागिराला म्हणावं, याला दाखवा. कारागीर खुश होतो, आणि नव्या पोराची शेडमध्ये एक ओळख होते. यासाठी मालकांची परवानगीही लागणार नाही.

साडेसातचा प्रश्न मात्र मालकांशिवाय सुटणार नाही, आणि माझ्या मते तुमच्याकडची खरी गळती तिथे आहे. "मालक उठेपर्यंत कुणी उठत नाही" हा नियम कुठे लिहिलेला नाही. बहुधा मालकांना तो असल्याचं माहीतही नसेल. ते त्यांच्या कामात असतात, घरी गेलं काय आणि इथे बसलं काय, त्यांना सारखंच. तुम्ही जुने लोक शहरातच राहता, गाडीवर पंधरा-वीस मिनिटांत घरी. तिचं बघा. एमआयडीसीतून रिक्षा मिळवायची, एसटी स्टँड गाठायचं, मोहोळची गाडी लागेपर्यंत उभं राहायचं, मग गावात उतरून घर. साडेसातला सुटलेली मुलगी नऊच्या आत पोचत नसणार. घरी रोज "एवढा उशीर का" विचारलं जात असणार, आणि तिच्याकडे उत्तर नसणार, कारण त्या दीड तासात तिच्या हातात कामच नव्हतं. ती फक्त बसून होती. "घरी अडचण आहे" यातलं काही अगदी शब्दशः खरंही असेल. मोहोळ, बार्शी, अक्कलकोट, कुर्डुवाडीकडच्या मुली शहरात नोकरीला येतात तेव्हा घरच्यांशी वेळेवरून केवढी बोलणी करून येतात, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. त्या मुलींना हा अलिखित नियम परवडत नाही. अशाने तुमच्याकडे फक्त शहरातली, गाडी असलेली, घरून मोकळीक असलेली माणसंच उरतील, आणि त्यांना पुण्याला जाणं सगळ्यात सोपं असतं.

यावर सगळ्यात चांगला उपाय तुमच्या स्वतःच्या हातात आहे. आठवड्यातून दोन-तीन दिवस तुम्ही सहाला उठा. सगळ्यांना दिसेल असं. "मालक, मी निघते" म्हणून. सगळ्यात जुनं माणूस उठलं की नव्याला उठता येतं. तुम्ही बसून राहिलात आणि नव्या मुलाला "तू जा" म्हणालात, तर तो जाणार नाही. गेला तरी मनात खात राहील.

तेलुगूबद्दल. कृपा करून जेवणाच्या सुट्टीत मराठीच बोला असा फतवा काढू नका. पद्मशाली या तेलुगू विणकर समाजाच्या मंडळींनी हे शहर विणलं आहे, त्यांची भाषा सोलापूरचीच भाषा आहे, आणि सोलापुरातल्या किती घरांत मराठी, तेलुगू, कानडी तिन्ही चालतात हे मी तुम्हाला सांगायला नको. हसणं-बोलणं त्यांच्या भाषेत चालू द्या. फक्त कामाची गोष्ट निघाली, उद्याची गाडी, बायरची तक्रार, कुणाची रजा, की ती मराठीत होऊ द्या, नवा मुलगा तिथे असो वा नसो. आणि तो तिथे असावा. पहिल्या दिवशी "ये जेवायला" म्हटलं आणि तो लाजून टेबलावरच बसला, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणा. तिसऱ्या दिवशी कुणीतरी त्याचा डबा उचलून आत न्या. कडक भाकरी आणि शेंगाचटणी पुढे केली की माणूस फार वेळ परका राहत नाही.

आता एक गोष्ट, जिच्याबद्दल पत्रात एक शब्दही नाही. आठपैकी सहा गेले. मग दोघं राहिली आहेत. ती कोण? ती का राहिली? गेलेल्यांमागे आपण इतके लागतो की राहिलेल्यांना विचारतच नाही. त्यांना एकेकटं बोलवा, ऑफिसात नको, बाहेर चहाला न्या, आणि विचारा: सुरुवातीला काय सगळ्यात जड गेलं? सोडावंसं कधी वाटलं होतं? मग थांबलात कशामुळे? माझा अंदाज आहे की दोघांच्याही उत्तरात एखाद्या माणसाचं नाव येईल, कुणी शिपाई, कुणी अकाउंटंट, ज्याने त्यांना सांभाळून घेतलं. ते नाव तुमच्यासाठी फार मोलाचं आहे. १ तारखेच्या मुलाला त्याच माणसाच्या किंवा या दोघांपैकी एकाच्या शेजारी बसवा, आणि "पहिले तीन महिने याला काहीही विचारायचं असलं तर तुला विचारेल" हे त्या दोघांसमोर स्पष्ट सांगा. ती व्यक्ती तुम्ही असू नये. तुम्ही त्याच्या साहेब आहात, तुमच्यापुढे तो अडाणी दिसायला घाबरेल.

तुम्ही काय करावं तर पहिल्या आठवड्याच्या शेवटी, मग महिन्याने, मग दोन महिन्यांनी, पंधरा मिनिटं त्याच्याशी बसा. "सगळं ठीक ना?" असं विचारू नका, त्याला "हो मॅडम" हे एकच उत्तर असतं. "आम्ही सांगितलं होतं त्यापेक्षा काय वेगळं निघालं?" असं विचारा. या प्रश्नात काहीतरी वेगळं निघालंच असणार हे तुम्ही आधीच मान्य केलेलं असतं, म्हणून त्याला बोलता येतं. तो बोलला की लगेच बाजू मांडू नका. लिहून घ्या. त्यातली एक तरी गोष्ट आठवड्याभरात बदला, अगदी छोटी, पंख्याखालची जागा का असेना. आपण बोललो आणि काही हललं, हे एकदा अनुभवलेलं माणूस पुढच्या वेळी रात्री मेसेज टाकून जाणार नाही. जायचं असेल तर सांगून जाईल.

मालकांचा बाँड आणि मूळ मार्कशीट यावर मी अगदी स्पष्ट सांगते: हे होऊ देऊ नका. तुमच्या हातात आहे तेवढं सगळं वजन यासाठी वापरा. मार्कशीट हा त्या मुलाच्या आयुष्याचा कागद आहे. उद्या त्याला बँकेची परीक्षा द्यायची असेल, पुढच्या शिक्षणाच्या ॲडमिशनला मूळ कागद दाखवायचा असेल, तर तुमच्या कपाटाची किल्ली मागावी लागेल. झेरॉक्स घ्या, मूळ बघून परत करा. कागद अडकवलेलं माणूस शरीराने थांबेल, मनाने गेलेलं असेल, आणि असं माणूस एक्स्पोर्टच्या टेबलावर असणं किती महागात पडतं हे तुम्ही जाणता. शिवाय ही बातमी कॉलेजांच्या ग्रुपवर एका संध्याकाळीत फिरते. मग तुमच्याकडे अर्ज करतील ती फक्त ज्यांना दुसरीकडे कुठेच मिळालं नाही ती.

मालकांशी बोलताना माया, वातावरण, आपलेपणा हे शब्द बाजूला ठेवा. त्यांचा राग खरा आहे, शिकवलेलं माणूस गेलं की नुकसान त्यांचं होतं. म्हणून नुकसानीच्या भाषेतच बोला. गेल्या दीड वर्षाचा हिशेब तुम्हीच मांडा, आकडे तुमच्याकडेच आहेत. प्रत्येक नव्या माणसाला शिकवण्यात तुमचे किती तास गेले. टेबल रिकामं असताना पॅकिंग लिस्ट आणि इनव्हॉइस जुळली नाही म्हणून कितीदा कागद परत करावे लागले. बायरला किती वेळा माफीचा मेल गेला. एका कागदावर लिहा, शेजारी चिंचोळीला गेलेल्या दोघांचा इथला पगार आणि तिथला पगार लिहा. मग एकच गोष्ट मागा: सहा महिने बाँड नको, आणि कंटेनरचे दिवस सोडून ऑफिस सहाला सुटेल हे मालकांनी स्वतःच्या तोंडाने सगळ्यांना सांगावं. एका वेळी दहा सुधारणा मागितल्यात तर एकही मिळणार नाही. तुमच्या १९ वर्षांच्या शब्दाला तिथे किंमत आहे, ती या एका मागणीवर खर्च करा.

हे सगळं केलं तरी काही जण जातीलच. कुणाची एमपीएससीची तयारी असेल, कुणाचं लग्न ठरेल, कुणाला खरंच पुण्याला जायचं असेल. त्यांना हसून निरोप द्या. उरलेला पगार वेळेवर द्या, अनुभवाचं पत्र द्या, आणि पीएफच्या पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख भरा, नाहीतर त्यांचं खातं नव्या नोकरीत वर्ग करताना अडतं. जाणाऱ्याला एवढं सांगायलाही विसरू नका की यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक, तोच राहतो, रक्कम काढून न घेता वर्ग करावी, सलग पाच वर्षं पुरी व्हायच्या आत काढली तर तिच्यावर कर लागू शकतो. चांगल्या पद्धतीने गेलेला मुलगा उद्या त्याच्या धाकट्या भावाला तुमच्याकडे पाठवतो.

आणि मोहोळच्या त्या मुलीला फोन करा. तुम्हाला लागलं आहे, तिलाही लागलं असणार. तिचे काही दिवसांचे पैसे बाकी असतील तर आधी ते खात्यात टाका, मग फोन करा. परत ये म्हणू नका, का गेलीस असंही विचारू नका. "तुला जे काम सांगितलं होतं ते आम्ही दिलं नाही, ते बरोबर झालं नाही," एवढं म्हणा. ती गप्प बसली तर बसू द्या. बोलली, तर १ तारखेच्या आधी तुम्हाला माझ्या या पत्रापेक्षा कितीतरी जास्त कळेल.